कुस्तोच्या हातातला टॉर्च

दिवाळीनंतर तारकर्लीला स्कूबा करायचा बेत तुमच्याही ग्रुपवर शिजत असेल. पहिल्या खेपेला काहीच विकत घ्यावं लागत नाही. मास्क, सिलिंडर, सगळं तिथलेच लोक देतात, इन्स्ट्रक्टर हाताला धरून खाली नेतो आणि वर आणतो. पण दहा जणांत एखाद्याला नाद लागतो. तो रीतसर कोर्स करतो, नेत्राणीला जातो, पैसे साठवून अंदमान गाठतो आणि एक दिवस नाइट डाइव्हचं नाव काढतो. तिथून खरेदी सुरू होते, आणि बहुतेकांची पहिली खरेदी असते टॉर्च. ऑनलाइन शोधलं की वडापावच्या हिशेबात बसणाऱ्या किमतीपासून सेमिस्टरच्या फीपर्यंत सगळं दिसतं, आणि प्रत्येकावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असतं. आता यातला कुठला भरवशाचा?

यासाठी मी तुम्हाला एका फ्रेंच माणसाकडे नेतो. जाक-इव्ह कुस्तो. तुमच्या जन्माआधीच तो गेला, पण तुमच्या आई-बाबांना विचारा. लाल लोकरी टोपी घातलेला, चोचीसारख्या नाकाचा तो काटक म्हातारा त्यांनी टीव्हीवर बघितलेला असण्याची शक्यता आहे. समुद्राखाली मोकळं पोहता येतं हे जगाला त्यानं दाखवलं. मला त्याच्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. ऐन वेळी दगा देणारी इतकी उपकरणं फार थोड्या माणसांच्या वाट्याला आली असतील, आणि इतक्या वेळा दगा खाऊनही तो ८७ वर्षं जगला.

पहिला दगा दिव्यानंच दिला. कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळच्या एका लहान गावातला. नौदलात शिरला, पण डोक्यात विमान. वैमानिक व्हायचं प्रशिक्षण चालू असताना १९३६ मध्ये तो रात्री वडिलांची स्पोर्ट्स कार घेऊन डोंगरातल्या रस्त्यानं निघाला होता. त्याचे चरित्रकार सांगतात की ऐन वळणावर गाडीचे दिवे गेले. आपल्या आंबोलीच्या घाटात रात्री हेडलाइट गेले तर काय होईल, तेच झालं. दोन्ही हात मोडले, उजव्या हाताला जंतुसंसर्ग झाला आणि डॉक्टर तो कापायच्या गोष्टी करू लागले. कुस्तो नाही म्हणाला. हात वाचला, विमान मात्र कायमचं सुटलं.

हातात पुन्हा ताकद यावी म्हणून तो तुलाँच्या किनाऱ्यावर पोहू लागला. नौदलातला त्याचा मित्र फिलिप तायेझ यानं त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. तो लावून कुस्तोनं डोकं पाण्यात घातलं आणि बाहेर काढलं, तेव्हा वर नेहमीचाच रस्ता, ट्राम, माणसं. खाली मात्र वेगळंच जग. वय २६. इथून पुढं त्याला दुसरं काही सुचलं नाही.

पण खाली राहायचं तर श्वास हवा. त्या काळात एक तर तांब्याचं शिरस्त्राण आणि शिशाचे बूट घालून, वरून येणाऱ्या नळीच्या दाव्याला बांधल्यासारखं चालायचं, नाही तर दम कोंडून बुडी मारायची. कुस्तोनं शुद्ध ऑक्सिजनचं उपकरण वापरून पाहिलं. साधारण १४ मीटर खोलीवर त्याला आकडी आली. उपकरण सुधारून पुन्हा उतरला, पुन्हा आकडी. दोन्ही वेळा नशिबानंच वर आला. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो हे आज कोर्समध्ये शिकवतात. त्याला ते स्वतःच्या अंगावर शिकावं लागलं.

१९४२ च्या अखेरीस, युद्ध चालू आणि फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेलेला असताना, पॅरिसमध्ये त्याची गाठ एमिल गान्यां या इंजिनिअरशी पडली. सासरेबुवा औद्योगिक वायूंच्या कंपनीत वरच्या पदावर होते, त्यांच्याच ओळखीतून. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवायच्या होत्या, त्यासाठी गान्यांनं एक व्हॉल्व्ह बनवला होता. मागेल तेवढाच गॅस सोडणारा. कुस्तोला नेमकं हेच हवं होतं, फक्त इंजिनाऐवजी फुप्फुसासाठी. दोघांनी मिळून उपकरण बनवलं आणि १९४३ च्या सुरुवातीला कुस्तो ते घेऊन मार्न नदीच्या थंडगार पाण्यात उतरला.

हा प्रसंग टॉर्च घेणाऱ्यानं लक्षात ठेवावा असा आहे. आडवं पोहताना उपकरण झकास चाललं. उभं राहिलं की हवा भसाभस वाया जाऊ लागली, आणि डोकं खाली केलं की श्वास ओढणं जड. हवा सुटण्याची जागा आणि हवा येण्याची जागा यांच्यात काही इंचांचं अंतर होतं आणि तेवढ्या इंचांनी पाण्याचा दाब बदलत होता. दोन्ही एकाच पातळीवर आणताच अडचण मिटली. त्या जूनमध्ये भूमध्य समुद्रात बांदोलजवळ कुस्तो नव्या उपकरणासह उतरला. पत्नी सिमोन वर पाण्यावर तरंगत त्याच्याकडे लक्ष ठेवून होती. त्यानं कोलांट्या मारल्या, डोक्यावर उभा राहिला, मुद्दाम सगळे वेडेवाकडे प्रकार केले. चाललं. आज तुमच्या पाठीवर असतं ते त्याचंच नातवंड.

दुकानात टॉर्च हातात घेतला की आपण काय करतो? भिंतीवर पाडतो, वा म्हणतो, पैसे देतो. कुस्तोसारखं करा. एका हातानं लावून बघा, डाव्या हातानं बघा, जाड हातमोजा घालून बघा, डोळे मिटून बघा. खाली तुमचा दुसरा हात बहुधा दोराला, बोटीच्या शिडीला किंवा घाबरलेल्या जोडीदाराला धरलेला असणार. बटण सापडत नसेल, किंवा एका बटणात पाच मोड भरले असतील आणि विझवायला लुकलुकणाऱ्या मोडमधून जावं लागत असेल, तर तो टॉर्च ट्रेकला न्या, पाण्यात नको. बटणाची जात पण बघा. टॉर्चच्या अंगाला भोक पाडून बसवलेलं रबरी बटण ही पाणी शिरायची हक्काची जागा. सरकणाऱ्या कडीत लोहचुंबक असतो अशा बटणाला भोकच लागत नाही, त्यामुळे ते जास्त भरवशाचं. मात्र कडीखाली वाळूचा कण अडकला की तीही कुरकुरते, म्हणून धुवायला सोपी आहे ना ते पाहा. डोकं पिळून लावायचे टॉर्च साधे आणि टिकाऊ असतात, फक्त त्यांना दोन हात लागतात.

आता १९४६ च्या उन्हाळ्यात या. युद्ध संपलंय. कुस्तो, तायेझ आणि त्यांचा जिगरी दोस्त फ्रेदेरिक द्युमा यांनी नौदलात पाण्याखालच्या संशोधनाची तुकडी उभी केलीय. आव्हान म्हणून त्यांनी निवडला आव्हिन्योंजवळचा व्होक्लूजचा झरा. डोंगराच्या पायथ्याशी एक गुहा, तिच्यात शांत पाणी, आणि दर वसंतात तेच पाणी अचानक उसळून नदीसारखं वाहू लागतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. २७ ऑगस्टला कुस्तो आणि द्युमा कमरेला दोर बांधून, हातात टॉर्च घेऊन आत उतरले. वर दोर सांभाळायला मॉरिस फार्ग. दोराला किती झटके दिले की काय समजायचं, हे आधी ठरलेलं.

खाली गेल्यावर दोघांची डोकी चालेनाशी झाली. ठरलेला बेत आठवेना, कुठं आलोय ते कळेना. ४६ मीटरवर पूर्ण काळोख, वरचा उजेड कधीच संपलेला. द्युमा अर्धवट शुद्धीत, त्याच्या तोंडातून हवेची नळी निसटत होती. वर ओढा, असं सांगायला कुस्तोनं दोर हलवला. खडकाला घासत गेलेला तो इशारा फार्गपर्यंत पोहोचला तेव्हा त्याला वाटलं, यांना आणखी दोर हवाय. त्यानं दोर सोडला. कुस्तो दोराला धरून वर चढायचा प्रयत्न करतोय आणि वरून आणखी आणखी दोर येतोय. शेवटी फार्गला काहीतरी चुकतंय असं जाणवलं आणि त्यानं दोघांना ओढून काढलं. नंतर कारण सापडलं. सिलिंडर भरणारा नवा कॉम्प्रेसर स्वतःच्याच इंजिनाचा धूर आत ओढत होता. ते दोघं कार्बन मोनॉक्साइड हुंगत खाली उतरले होते.

जरा थांबून विचार करा. टॉर्च शाबूत होते, दोर शाबूत होता, श्वसनयंत्र ठणठणीत होतं. घात केला तो किनाऱ्यावरच्या एका मशीननं आणि एका चुकीच्या समजुतीनं. म्हणूनच पाण्याखाली भरवशाचं म्हणजे कधीच न बिघडणारं असा अर्थ कुणी अनुभवी डायव्हर घेत नाही. बिघडलं तर पुढं काय, याची सोय ज्याच्यासोबत आहे, ते भरवशाचं. नाइट डाइव्हला प्रत्येकाकडे दोन टॉर्च हवेत, मोठा हातात, छोटा खिशात किंवा जॅकेटला अडकवलेला. पाण्यानं भरलेल्या गुहेत जाणारे लोक तीन नेतात. (गुहेचं प्रशिक्षण पूर्ण वेगळं असतं. ते नसेल तर तीसही पुरणार नाहीत.) बजेट कमी असेल तर एका भारी टॉर्चवर सगळे पैसे उधळण्यापेक्षा एक मध्यम आणि एक साधा घ्या, असं माझं सरळ मत आहे. मोठा गेला की छोटा लावायचा आणि वर यायचं. छोट्याच्या जिवावर डाइव्ह पुढं चालवायची नाही. आणि दोघांनी वर बोटीवर असतानाच इशारे बोलून घ्यायचे. उजेडाचं संथ गोल वर्तुळ म्हणजे ठीक आहे, जोरजोरात आडवं हलवणं म्हणजे इकडे बघ, गडबड आहे. जोडीदाराच्या डोळ्यांत झोत मारलात तर त्याला बराच वेळ काहीच दिसणार नाही.

तो फार्ग, ज्यानं त्या दिवशी दोघांचे जीव वाचवले, पुढच्याच वर्षी गेला. सप्टेंबर १९४७. माणूस या उपकरणासह किती खोल जाऊ शकतो याची चाचणी चालू होती. फार्ग दोराला लावलेल्या पाट्यांवर सही करत खाली गेला, १२० मीटरवरच्या पाटीवर त्याची शेवटची सही सापडली. नव्या उपकरणानं घेतलेला हा पहिला बळी. कुस्तोच्या यशाच्या गोष्टी सांगताना हे नाव बऱ्याचदा गळतं, म्हणून इथं मुद्दाम.

कुस्तोला खाली उजेड हवा होता तो फक्त वाट दिसावी म्हणून नव्हे. त्याला सिनेमा काढायचा होता. पहिला कॅमेरा त्यानं फळांच्या काचेच्या बरणीत बसवला होता. युद्धात सिनेमाची फिल्म मिळेना तेव्हा साध्या फोटो-कॅमेऱ्याचे रोळ आणून, अंधारात एकमेकांना जोडून त्यानं रिळं बनवली. पण खाली गेलं की सगळं निळं-करडं. एकदा द्युमानं खोलवर एका माशाला भाला मारला आणि जखमेतून हिरवं रक्त आलं. मासा वर आणू लागले तसं ते तपकिरी, मग गुलाबी, आणि पृष्ठभागावर आल्यावर लालभडक. रक्त तेच होतं, बदलत होता तो उजेड. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पिऊन टाकतं, मग नारिंगी, मग पिवळा. मग त्यांनी एक जोरदार विजेचा दिवा सुमारे ४५ मीटरवर नेला आणि खडकावर धरला. दिवसानुदिवस करडा पाहिलेला तो कडा लाल आणि केशरी रंगानं पेटला. स्पंज, शेवाळ, प्रवाळ. हे रंग तिथं पिढ्यान् पिढ्या होते, बघायला कुणी नव्हतं.

भरदुपारच्या डाइव्हलाही टॉर्च न्यावा तो यासाठी. पण एक गणित आहे. टॉर्चचा उजेड वस्तूपर्यंत जातो आणि परत तुमच्या डोळ्यांपर्यंत येतो, म्हणजे पाणी त्याच्यावर दोनदा हात मारतं. म्हणून रंग हवे असतील तर जवळ जावं लागतं, लुमेनचा आकडा वाढवून फार भागत नाही. खोक्यावरचा तो मोठा आकडा बहुधा पहिल्या काही मिनिटांचा असतो; टॉर्च तापला की उजेड आपोआप कमी होतो. रंग खरे दाखवण्याचा एक वेगळा आकडा असतो, सीआरआय. फोटो काढणार असाल तर तो ८० च्या वर, जमल्यास ९० च्या जवळ बघा. नुसती हौस म्हणून रात्री फिरायचं तर हजारभर खरे लुमेन भरपूर झाले.

त्याहून महत्त्वाचा आहे झोताचा आकार, आणि आपल्याकडच्या लोकांनी यात इंटरनेटवरचे लाल समुद्राचे व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नये. तिथलं पाणी काचेसारखं. आपल्या मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ पाणी बऱ्याचदा गढूळ, कणांनी भरलेलं असतं. माळशेजच्या धुक्यात गाडीचा हाय बीम लावलाय कधी? समोर पांढरी भिंत उभी राहते. रुंद झोताचा जोरदार टॉर्च गढूळ पाण्यात तेच करतो, तुमच्या आणि माशाच्या मधला प्रत्येक कण उजळवतो. आपल्या पाण्यासाठी अरुंद झोत, दहा अंशांच्या आसपासचा, आणि उजेड कमी करायची सोय. रुंद झोत व्हिडिओवाल्यांसाठी.

कुस्तोकडे असली निवड नव्हतीच. १९५० मध्ये एका श्रीमंत ब्रिटिशाच्या कृपेनं त्याला नाममात्र भाड्यानं कॅलिप्सो मिळाली. युद्धात सुरुंग काढणारी लाकडी बोट, नंतर प्रवासी फेरी. तिच्या नाकाशी त्यानं पाण्याखाली बघायची खोली बसवली. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन आपला विजेचा फ्लॅश घेऊन तिच्यावर आले. खलाशी त्यांना लाडानं ‘पापा फ्लॅश’ म्हणू लागले. तरुण लुई मालला सोबत घेऊन केलेला ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा सिनेमा १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च मानाचा ठरला, पुढच्या वर्षी ऑस्कर. सुरुवातीला हातात जळते पलिते घेतलेले डायव्हर बुडबुड्यांची शेपटी सोडत खाली उतरताना दिसतात. मिळाला तर तेवढं तरी पाहाच.

पूर्ण पाहिलात तर चिडाल. मासे मोजायचे म्हणून प्रवाळात सुरुंग उडवलाय, बोटीच्या पंख्यात सापडलेल्या व्हेलच्या पिल्लाच्या रक्तावर शार्क जमल्यावर खलाशांनी त्यांची कत्तल केलीय. तेलकंपनीसाठी आखातात सर्वेक्षण करून बोटीचा खर्च काढलाय तो वेगळाच. मला हे झाकावंसं वाटत नाही. त्याच माणसानं १९६० मध्ये अणुकचरा भूमध्य समुद्रात टाकायला विरोध केला, १९७३ मध्ये समुद्र वाचवायला संस्था काढली, आणि ऐंशीच्या घरात असताना अंटार्क्टिकात खाणकाम नको म्हणून देशोदेशी सह्या गोळा केल्या. १९९१ च्या करारानं तिथलं खाणकाम खरंच थांबलं. बदलला तो बघून बघून. तीस-चाळीस वर्षं त्याच जागांवर पुन्हा उतरून, तिथं काय उरलंय ते पाहून. तुम्हीही रात्री झोपलेल्या माशाच्या तोंडावर झोत रोखून धरू नका, कडेच्या उजेडात बघा.

शेवटच्या वर्षांत त्याच्यावर घाव बसत राहिले. धाकटा मुलगा फिलिप, वारसदार मानला गेलेला, जून १९७९ मध्ये लिस्बनला नदीवर उतरताना त्याच्या समुद्री विमानाला झालेल्या अपघातात गेला. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जनं कॅलिप्सोला धडक दिली आणि ती बुडाली. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये कुस्तो वारला. व्होक्लूजच्या तळाला एक यंत्र १९८५ मध्येच टेकलं होतं, ३०८ मीटरवर. तिथं वाळू होती.

आता तुमच्या खरेदीतलं राहिलेलं. ‘आयपीएक्स८’ एवढंच लिहिलं असेल तर घेऊ नका. ते साध्या बुडवण्याचं मानक आहे. मीटरमध्ये खोली लिहिलेली हवी. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, चाळीसवर वरच्या पाचपट. तेव्हा शंभर मीटरचा टॉर्च घेतलेला बरा. झाकणाला एक नाही, दोन ओ-रिंग हव्यात. ओ-रिंग म्हणजे ती रबरी कडी. तिच्यावर एक केस पडला तरी पाणी आत येतं, म्हणून बॅटरी बदलायची ती खोलीवर, कोरड्या हातानं, बोटीवर नाही. ग्रीस कंपनीनं सांगितलेलंच, बोटाला लागेल इतकंच. पहिल्यांदा नेण्याआधी आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून रात्रभर बादलीत बुडवा. बादलीत पास झालेला समुद्रात नापास होऊ शकतो, पण बादलीतच नापास झालेल्याचे पैसे तरी परत मागता येतात.

गावाकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, ते काही चूक नाही; निम्मा भरवसा तिचाच. १८६५० मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर हसून पुढं जा, त्या मापात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात. पूर्ण उजेडावर दीड तास तरी चालायला हवा, कारण डाइव्ह पाऊण-एक तासाची. पाणी शिरलंच तर आत गॅस कोंडतो. उघडताना तोंड दुसरीकडे. परतल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि सेल काढून ठेवा. हातात असताना बाहेर हवेत पूर्ण उजेडावर ठेवू नका, तो पाण्यानं थंड व्हायला बनवलेला असतो.

आणि हो, अंदमानला विमानानं जाणार असाल तर सुटे लिथियम सेल केबिन बॅगेत, प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी लावून. चेक-इनच्या बॅगेत टाकलेत तर विमानतळावर तुमचं नाव पुकारतील.